हाताला वाती, कानाला गोष्ट

संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या घरी मेथी निवडली जाते. रोज मेथीच असते असं नाही. कधी गवार, कधी पावटा, आणि भाजी नसेलच तर तांदूळ. पण दिवाणावर अंथरलेलं कालचं वर्तमानपत्र, डाव्या हाताशी जुडी, उजवीकडे रोवळी, आणि समोर टीव्हीवर 'सीआयडी'चा कुठला तरी जुना भाग, ही मांडणी ठरलेली. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. चष्मा नाकावर उतरलेला, नजर पाल्यावर. टीव्हीकडे ती तशी बघतच नाही. मधूनच मान वर करते, कोण कुठवर आलंय ते पाहते आणि पुन्हा खाली.

परवा मला राहवलं नाही. दिवसभर कामाची कटकट झाली होती, डोकं तापलेलं, आणि घरात पाऊल टाकलं तर तीच धून.

"आई, हा भाग गेल्याच आठवड्यात झाला."

"हो ना."

"तो वकील खुनी आहे."

"ठाऊक आहे मला. नोकरावर संशय घेतात आधी, पण वकीलच असतो. तू जरा गप्प बस, आता दार तोडतील."

आणि तोडलं. आई समाधानानं मान हलवून म्हणाली, "एवढी दारं मोडली या दयानं, पण एकदा बेल वाजवून बघेल तर शपथ."

ज्यानं 'सीआयडी' पाहिलेलं नाही असं माणूस महाराष्ट्रात मिळणं कठीण. 21 जानेवारी 1998 ला सोनी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली आणि 2018 च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. वीस वर्षं, दीड हजारांवर भाग. मग सहा वर्षांनी, 2024 च्या डिसेंबरात, पुन्हा सुरू झाली. इतक्या सगळ्या भागांची गोष्ट मात्र एकच. एक मृतदेह सापडतो. गाडी येते, माणसं उतरतात. एसीपी प्रद्युम्न हवेत पंजा फिरवतात आणि काहीतरी गडबड असल्याचं त्यांना जाणवतं, जे मृतदेह बघून आपल्यालाही जाणवलेलं असतंच. फ्रेडरिक्स भुताला आणि बायकोला घाबरतो. मग प्रयोगशाळा. तिथे चंचुपात्रांत निळं-हिरवं पाणी उकळत असतं, आणि डॉ. साळुंखे, ज्या तपासणीला खऱ्या जगात आठवडे लागतील ती, दोन वाक्यांत उरकतात. उरकण्याआधी साहेबांशी त्यांची थोडी खटपट व्हायलाच हवी. ती झाली नाही तर आई काळजीत पडते. दोघांचं बिनसलंय की काय! शेवटी दयाचा पंजा कुणाच्या तरी गालावर बसतो, खून कसा केला ते तो माणूस सविस्तर सांगतो आणि साहेब त्याला फाशीची आठवण करून देतात. संपलं. पातेल्यात फोडणी पडायला मोकळी.

माझे वडील बँकेत होते. त्यांना या मालिकेत रस शून्य, पण शिवाजी साटम यांच्याविषयी मात्र एक खासगी अभिमान होता, कारण साटमही नट म्हणून नाव व्हायच्या आधी सेंट्रल बँकेत नोकरीला होते. "आपल्या लायनीतला माणूस," असं बाबा म्हणायचे, आणि साहेब पडद्यावर रागावले की "ताळेबंद जुळत नसणार" अशी पुस्ती जोडायचे. आईचं म्हणणं, हे गृहस्थ तिच्या जास्त जुन्या ओळखीचे. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची, बी. पी. सिंग यांचीच, तेव्हापासून ती त्यांना पोलिसांत बघत आलीय. म्हणजे बदलीसुद्धा झाली नाही बिचाऱ्यांची.

याच मालिकेनं 2004 साली एक मोठा पराक्रम केला होता. 111 मिनिटांचा अख्खा भाग एकाच सलग चित्रणात, कुठेही न तोडता, घेतला. त्याची विक्रमांच्या पुस्तकांत नोंद झाली. मी आईला मुद्दाम विचारलं, तो भाग आठवतो का? नाही आठवत. दीड हजार सारखे भाग तिच्या मनात नीट रुजलेत आणि जो एकच वेगळा होता तो निसटला. माझ्यासारख्या, नावीन्याला पैकीच्या पैकी मार्क देत आलेल्या बाईला हे जरा लागलंच.

तर प्रश्न असा की, ठाऊक असलेलं पुन्हा पाहण्यात माणसाला मिळतं काय? झोप येते म्हणून, सवय म्हणून, वेळ जात नाही म्हणून, ही उत्तरं मी स्वतःला बरीच वर्षं दिली. त्यांत खोटं काही नाही. पण ती पुरत नाहीत, असं मला त्या मेथीकडे बघताना वाटायला लागलं. आणि आठवलं ते भलतंच. वाईचा घाट आणि आजीच्या बोटांतला कापूस.

तिसरी-चौथीची दोन वर्षं मी आईच्या माहेरी, वाईला होते. वाईत कृष्णाबाईचा उत्सव एका घाटाचा झाला की दुसऱ्या घाटाचा, असा पाळीपाळीनं चालतो. मांडवात कीर्तन असायचं आणि आजी मला बरोबर न्यायची. जाताना तिच्या पिशवीत एक डबा असे. डब्यात पिंजून, सरकी काढून ठेवलेला कापूस, आणि छोट्या वाटीत दूध. बुवा नमनाला उभे राहिले की आजी बोटांच्या टोकांना दुधाचा ओलावा लावणार, कापसाचं नखभर बोंड ओढणार आणि अंगठा नि तर्जनी यांच्यामध्ये फिरवून त्याला शेंडी आणणार. झाली फुलवात. शंभर झाल्या की त्यांची एक पुडी. लाखाचा संकल्प असायचा तिचा, आणि तो काही एका उत्सवात पुरा होण्यातला नव्हता. आजूबाजूला दहा-पंधरा जणी अशाच. मान बुवांकडे, हात मांडीवर, आणि मांडीवर पांढरा ढीग वाढत चाललेला.

नारदीय कीर्तनाची चौकट पक्की. आधी नमन, मग पूर्वरंग, म्हणजे एखादा अभंग घेऊन त्याचं निरूपण. ते मला अजिबात कळायचं नाही. आजीलाही किती कळत होतं कोण जाणे, पण तिची वाती वळण्याची गती त्या वेळी सर्वांत जास्त असायची, हे नक्की. मधे बुवांच्या गळ्यात हार पडायचा, बुक्का लावला जायचा, नामाचा गजर व्हायचा. आम्ही पोरं तेवढ्यासाठी जागी राहायचो. आणि मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. सुदामा, ध्रुव, चिलया बाळ, द्रौपदी, हरिश्चंद्र. यातलं एकही तिथे बसलेल्या बाईला नवं नव्हतं. बुवा कुठलं आख्यान लावणार, याचा अंदाज पूर्वरंगाच्या अभंगावरूनच यायचा. शेजारची काकू आजीच्या कानात "आज हरिश्चंद्र" म्हणायची, आणि आजी डबा जरा जवळ ओढून घ्यायची.

हरिश्चंद्र लागला की मला भीती वाटे. राज्य जातं, राणी विकली जाते, मुलगा विकला जातो, राजा डोंबाघरी राबतो, इथवर ठीक. पण मग रोहिदासाला साप चावतो. तारामती मुलाला उचलून रात्री मसणवटीत येते आणि तिथला पहारेकरी, तिचाच नवरा, तिच्याकडे कर मागतो. या जागी आमचे बुवा पेटीवाल्याला डोळ्यांनी खूण करायचे. पेटी एका सुरावर थांबायची, तबला बंद, आणि बुवा चिपळ्या उपरण्यात गुंडाळून नुसते उभे राहायचे. पुढचं वाक्य लवकर म्हणायचेच नाहीत. मांडवात नाकं ओढल्याचे आवाज, कुठे एखादा हुंदका. आजीचे डोळे वाहत असायचे. हात मात्र थांबलेला नसायचा.

रोहिदास उठणार हे आजीला ठाऊक होतं. थोड्या वेळानं देव प्रकट होणार, विश्वामित्र सत्त्वपरीक्षा संपल्याचं सांगणार, पोर डोळे चोळत उठणार, हे मलादेखील ठाऊक होतं. मग एवढं रडायचं कशाला? मी एकदा परतताना विचारलं. आजी म्हणाली, "बुवा सांगतातच तसं." पुढे कितीतरी वर्षांनी आईकडून कळलं की तिच्या पाठचा एक भाऊ होता. नऊ वर्षांचा होऊन विषमज्वरानं गेला. घरात त्याचा फोटो नव्हता, त्याचं नाव कुणी काढत नसे, आणि आजीला घरात रडताना आईनं कधीही पाहिलेलं नव्हतं. मोठं घर, माणसं, पंगती, चूल. रडायला सवड कुठे होती, आणि रडलं की विचारणारे दहाजण. मांडवात कुणी विचारत नव्हतं. सगळ्याच रडत होत्या, आणि कारण तर बुवा स्वतःच उभ्यानं सांगत होते.

त्या पुडीतल्या वाती जरा जाड व्हायच्या. घरी आल्यावर आजी त्या सोडून पुन्हा वळायची.

आता मला वाटतं, गोष्ट माहीत असली की तिच्यावर पहारा ठेवावा लागत नाही. नवी गोष्ट आपल्याला सगळेच्या सगळे मागते. हा कोण, ती का हसली, दाराआड कोण उभा आहे, सगळं ध्यानात ठेवा. जुनी गोष्ट अर्धंच लक्ष मागते. उरलेलं अर्धं आपल्याकडे परत येतं, आणि त्याचं काय करायचं ते आपण ठरवायचं. कुणी वाती वळतं, कुणी मेथी निवडतं. आणि हात चालू असताना मनात जे वर येतं, ते एरवी वर येत नाही. 'पुराणातली वांगी पुराणात' असं आपण म्हणतो ते भोंदू पुराणिकाला टोमणा म्हणून. पण पुराण ऐकायला बसलेल्या बायकांनी आपापली वांगी तिथे पदराखालून आणलेलीच होती.

दादासाहेब फाळके यांनी पहिला चित्रपट काढायला घेतला तेव्हा त्यांच्यापुढे अख्खं जग मोकळं होतं. त्यांनी उचलला हरिश्चंद्र. 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये तो लागला. मूकपट, म्हणजे तारामती बोलणार नाही. आणि तारामतीही खरी बाई नव्हे, तर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ. (डॉक्टर साळुंखे आणि अण्णा साळुंके यांचा काही संबंध नाही, पण हे आडनाव या धंद्याला लाभतं खरं.) मधूनमधून लिहिलेल्या पाट्या होत्या, इंग्रजी आणि हिंदीत. त्या वाचू शकणारे असे कितीसे असतील? वाचायची गरजच पडली नसणार. गोष्ट लोकांच्या कानात होतीच. फाळके यांनी फक्त डोळ्यांचा भाग पुरवला. पुढे चित्र बोलू लागलं, तेव्हा 1932 साली प्रभातनं पहिला मराठी बोलपट आणला, 'अयोध्येचा राजा'. पुन्हा हरिश्चंद्रच. दुर्गा खोटे तारामती, गोविंदराव टेंबे राजा. यंत्र कोरं करकरीत आणि गोष्ट आजीची, हा हिशेब दोन्ही वेळा केला गेला. नवं यंत्र आधीच माणसाला बिचकवतं, त्यात गोष्टही अनोळखी असती तर धरायला काय उरलं असतं?

माझे गिरगावातले एक काका बाबूराव अर्नाळकर वाचत. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे काकांना उभा जन्म पुरेल एवढी सोय होती. वाचनालयातून पुस्तक आणलं की काका सतराव्या पानावर पेन्सिलीनं बारीकशी फुली मारत. हे आपलं वाचून झालंय, पुन्हा नको, यासाठी ही खूण. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी काळ्या पहाडाचं पुस्तक उघडलं, सतरावं पान काढलं, फुली बघितली. फुली एक नव्हती, तीन होत्या. काकांनी पुस्तक मिटून काखेत मारलं आणि आम्ही घरी आलो.

लिहिणारा कंटाळतो, वाचणारा कंटाळत नाही, ही त्यातली गंमत. कॉनन डॉइल यांना शेरलॉक होम्सचा इतका वीट आला की 1893 साली त्यांनी त्याला धबधब्यापाशी नेऊन संपवला, आणि वाचकांनी त्यांना 1903 साली तो परत जिवंत करायला लावला. 'सीआयडी'वाल्यांनाही ही दुर्बुद्धी झाली. 2025 च्या एप्रिलमध्ये एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात गेले असं दाखवलं. लोक खवळले. पुढे साहेब परतलेही. पण मधल्या दिवसांत आमच्या घरातलं वातावरण बिघडलं ते बिघडलंच. आई आधी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मला मोबाइलवरचे जुने टीव्हीवर लावून दे. ते यूट्यूबचे."

"नवे नकोत?"

"जुन्यात आहेत ना ते."

हे सगळं लिहिताना मी 'तेच ते'ची भलामण करतेय असं वाटेल, आणि थोडी करतेयही. पण सगळ्याच 'तेच त्या'ला मी एका पारड्यात घालणार नाही. रात्री साडेसात-आठपासून ज्या मालिका लागतात त्याही साच्यातल्याच. खिरीत काहीतरी मिसळलं जाणार, दाराआडून कुणीतरी ऐकणार, मंगळसूत्र तुटणार, आणि एका थोबाडीतीला तीन वेळा तीन बाजूंनी दाखवून तीन माणसांचे डोळे मोठे होणार. साचा असला तरी त्यात विसावा नाही. कारण गोष्ट मिटत नाही. नेमक्या जागी तोडून उद्याचं आमिष लावतात आणि माणूस तो गळ घशात घेऊन झोपायला जातो. मोबाइलवरही तेच, एक भाग संपला की पाच-दहा सेकंदांत दुसरा आपोआप सुरू. आजीच्या बुवांनी रोहिदास मसणवटीत ठेवून "बाकी उद्या" म्हटलं असतं तर मांडवातून चपला आल्या असत्या. कीर्तन त्याच रात्री आरतीपाशी यायचं. 'सीआयडी'सुद्धा, काही जोडभाग सोडले तर, बसल्या बैठकीत मिटतं. गालावर पंजा, कबुली, फाशी, आणि रोवळी भरलेली.

त्या पंज्याचंही मला खटकतंच. संशयिताला मारलं की तो खरं बोलतो आणि मारलेला माणूस दरवेळी गुन्हेगारच निघतो, हे वीस वर्षं घराघरांत मुरवायचं म्हणजे काय? खऱ्या चौकीत पडणारी थप्पड काही लेखकाला विचारून पडत नाही. आईशी यावर माझा वाद झालाय. तिचं म्हणणं, "मारतो तो दया आहे. बाकीच्यांनी मारू नये." यापुढे कायद्याची चर्चा थांबते.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, तेव्हा दूरदर्शननं रामानंद सागर यांचं 'रामायण' पुन्हा लावलं. 28 मार्चपासून, सकाळी आणि रात्री. मूळचं ते 1987-88 चं, रविवार सकाळचं. तेव्हा रस्ते ओस पडायचे असं सगळेच सांगतात, या वेळी ते आधीच ओस होते. 16 एप्रिलचा भाग 7.7 कोटी लोकांनी पाहिला असं दूरदर्शननंच जाहीर केलं. आकड्याचा कीस काढणारे काढोत. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते आमच्या इमारतीचं चित्र. उद्या दूध येईल का, पगार होईल का, खोकला साधा आहे का, कुणालाच काही सांगता येत नव्हतं, आणि सकाळी नऊला सगळ्या खिडक्यांतून एकच आवाज. सेतू बांधला जाणार का, याची चिंता कुणालाही नव्हती. बाबा आणि आई शेजारी शेजारी बसून बघायचे. बाबा सेतूच्या खर्चाचा अंदाज काढायचे.

पुढच्या वर्षी, मे महिन्यात, बाबा दवाखान्यात होते. आत कुणाला सोडत नव्हते. दिवसातून एकदा, संध्याकाळी सातच्या आसपास, तिथून फोन यायचा आणि कुणीतरी तरुण डॉक्टर दमलेल्या आवाजात आकडे सांगायचा. अकरा दिवस. फोन मी घ्यायचे. टीव्ही बंद असायचा. आई समोर बसलेली, मांडीवर हात, त्या हातांत काही नाही. आकडा वाढला तर चांगला की कमी झाला तर चांगला, हे तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. कधी डॉक्टरचा आवाज मोकळा वाटायचा, कधी तो मधेच थांबायचा आणि मला धस्स व्हायचं. पुढचं वाक्य काय येणार ते काही केल्या ओळखता येत नव्हतं. बाराव्या दिवशी फोन सातला आला नाही. पहाटे आला.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. मी आतल्या खोलीत काम करत होते आणि बाहेरून ती धून आली. येऊन बघते तर आईनं स्वतः टीव्ही लावला होता आणि फ्रिजमधून मेथीची जुडी काढून घेतली होती. मला आधी बरंही वाटलं नाही. हे काय आता, असंच वाटलं. घड्याळाकडे माझं लक्षच गेलं नाही.

परवा वकिलानं खून केल्याचा भाग होता, त्यात सुरुवातीला एक प्रसंग आहे. घरातला फोन वाजतो. बाई ओट्यावर काहीतरी चिरत असते, हात पुसत येते, फोन उचलते, ऐकते. पलीकडून काय सांगितलं ते आपल्याला ऐकू येत नाही. तिचा चेहरा तेवढा दिसतो, आणि मग लगेच गाडी, साहेब, फिरवलेला पंजा. सगळा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा. मी दारात उभी राहून कुरकुरत होते ते या प्रसंगानंतर. आधी मी चपला काढत होते आणि आई माझ्याकडे पाठ करून बसलेली होती.

जेवायच्या आधी मी मेथी धुवायला घेतली. रोवळी पाण्याखाली धरली आणि पाला हलवला. वरची पानं सुरेख निवडलेली, एकेक खुडून. तळाचीही तशीच. मधे मात्र मूठभर अख्ख्या काड्या निघाल्या, मुळांच्या मातीसकट, जशा जुडीतून सुटल्या तशाच रोवळीत पडलेल्या. बाहेर आई दुसरा भाग लावायला रिमोट शोधत होती. मी त्या काड्या ताटलीत बाजूला काढल्या, ओट्याशी उभ्यानंच निवडल्या आणि बाकीच्या पाल्यात मिसळून टाकल्या.